रिकामा लाल समुद्र

४ जानेवारी, रविवार

चौदा घरं, अकरा जहाजं. लाल समुद्रात शून्य! सलग अकरावा रविवार.

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर टँकरवर पोरं असलेल्या बायका क्रूसापाशी थांबतात, मी वही घेऊन कट्ट्यावर बसतो – कोणाचं जहाज कुठे, ते लिहायला. नॅन्सी म्हणाली, "आमचा स्टीवन कोलंबोच्या बाहेर. पाच दिवस झाले, उभेच आहेत." विनीचा मुलगा आफ्रिकेला वळसा घालून येतोय. प्रिस्काने नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी सांगितलं, "मर्विन सिंगापूर. बरा आहे." आधी जागा, मग तब्येत – हा क्रम तिला मी लावला. सख्खी बहीण असली म्हणून काय, पूर्वी तब्येतीवरच दहा मिनिटं घालवायची.

पुस्तकाचं सातवं प्रकरण या वहीवर उभं आहे. बाकीची आठ कोणीही लिहील. कच्चं तेल कुठून येतं, स्वयंपाकाचा गॅस कुठल्या सामुद्रधुनीतून, तांबं कोणाकडे, फॉस्फेट कोणाकडे, पोलादाच्या भट्टीचा कोळसा कोणाकडे. आकडे सरकारी, नकाशे सगळ्यांचे सारखे. जाड बाण, बारीक बाण. पण जहाज कुठे थांबलंय ते बाणात दिसत नाही, आणि पुरवठा तुटतो तो थांबण्यातूनच.

मोबाइलवर जहाजं दाखवणारी ॲप आहेत. पण तणावाच्या पाण्यात सिग्नल असे बिघडवतात की टँकर विमानतळावर उभे दिसतात! काही जहाजं जागा कळवणारं यंत्रच बंद करून जातात. म्हणून प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलंय : 'यंत्राला फसवता येतं, आईला मुलगा आपला पत्ता खोटा सांगत नाही.' उन्नतीला – ती प्रकाशनसंस्थेची संपादक – फार आवडलं. "सर, हेच मागच्या कव्हरवर घेऊ."

मजकूर ३१ तारखेला द्यायचा.

७ जानेवारी, बुधवार

संकेतने 'उभी जहाजं' या नकाशाचा तिसरा खर्डा पाठवला. सुंदर काढलाय. जहाज जितके दिवस उभं, तितका ठिपका मोठा. सिंगापूर आणि कोलंबोपाशी ठिपक्यांची गर्दी, लाल समुद्र कोरा पांढरा. कालविभागांची पट्टी खाली छाप म्हणून मीच सांगितलं होतं, तीही बसवलीय – मुंबईत दुपारचे बारा तेव्हा कुठे किती. विद्यार्थ्यांना बरं पडेल.

पोरगा डेस्कवर आला तेव्हा त्याला मुख्य मथळा आणि उपमथळा यातला फरक कळत नव्हता. आठ वर्षं माझ्या हाताखाली काढली. पेपरने पान बंद केलं तेव्हा दोघं एकाच दिवशी बाहेर पडलो. आता माझी वही आणि त्याचा संगणक.

संध्याकाळी डबा आणायला प्रिस्काकडे गेलो. (मधे फक्त केळीच्या दोन रांगा, तरी ती डबाच भरते. 'इथेच जेव' म्हणालं तर मी वाद घालत बसतो, असं तिचं म्हणणं.) तेवढ्यात मर्विनचा फोन. तिने स्पीकरवर टाकला.

"आत्ताच जेवून उठलो, मम्मी. कोंबडी होती. बेचव."

"सुकेळी संपली काय रे?"

"ती कधीच संपली! कॅप्टनने अर्धी खाल्ली."

मी विचारलं, सिंगापूरला किती जहाजं उभी आहेत? म्हणाला, "मामा, भरपूर. मोजता येत नाहीत." ओळ तिथेच मनात लिहिली. फोन ठेवून प्रिस्काने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. माझ्या डब्याला उशीर झाला म्हणून असेल.

११ जानेवारी, रविवार

तेरा घरं. लाल समुद्र : शून्य.

आज प्रकरणाचा निष्कर्ष लिहून टाकला. ज्या टँकरवर आपली माणसं आहेत, ते क्षेपणास्त्रांच्या भीतीने लाल समुद्र टाळतात. वळसा घालतात, नाहीतर पूर्वेकडे थांबतात. म्हणजे आपल्या पुरवठ्याचा नाजूक सांधा पश्चिमेला नाही, सिंगापूरजवळच्या मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. उन्नतीचा फोनवर आवाज चढला. "सर, हे कोणीच म्हटलेलं नाही!"

कोणी म्हणणार कसं? दुसऱ्या कोणाला क्रूसापाशी उभंही राहू देत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

चर्चचं फेस्त. बँड, मांडव, पाहुणे, पोर्क. वही उघडलीच नाही, कोणी थांबलंही नाही. रकाना कोरा.

२५ जानेवारी, रविवार

चौदा घरं. मर्विन सिंगापूरच, तीन आठवडे झाले. "काय करतात एवढे दिवस?" मी विचारलं. प्रिस्का म्हणाली, "थांबतात. तू लिही ना."

पानांचे फोटो काढून संकेतला लगेच पाठवले. प्रकरणाचा शेवटचा हात फिरवायचाय.

२९ जानेवारी, गुरुवार

उन्नतीने एक पत्रक पाठवलं. "सर, हे बघा, तुमच्या सातव्या प्रकरणासारखंच कोणीतरी केलंय!" सोबत हसरा चेहरा.

एका विमा-सल्लागार कंपनीचं पत्रक. फक्त ग्राहकांसाठी. पान तीन : उभ्या टँकरचा नकाशा. ठिपके दिवसांप्रमाणे लहान-मोठे. आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी जहाजाचं नाव.

नकाशा माझा. आधी वाटलं, दोन माणसांना एकच कल्पना सुचू शकते. मग खालचा तक्ता पाहिला. नोंदी रविवारच्या रविवारी. चला, तेही योगायोगाने. पण १८ जानेवारी कोरा. आणि मागच्या वर्षी १९ जानेवारी कोरा. जगातल्या कुठल्या उपग्रहाला ठाऊक की त्या दोन दिवशी आमच्या गावात फेस्त होतं?

संकेत.

तीन वेळा फोन केला. उचलला नाही. चौथ्यांदा मेसेज : 'सर मीटिंगमध्ये.'

कसली मीटिंग?

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळीच रिक्षाने आचोळ्याला संकेतच्या घरी गेलो. कळवलं नाही. जिना चढून दम लागला आणि दार त्याच्या आईने उघडलं, म्हणून चहा घ्यावा लागला. रागावलेल्या माणसाला चहा देऊ नये. कप हातात असला की आवाज चढत नाही.

संकेतने पत्रक पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नाही.

"सर, इंटरव्ह्यूला सॅम्पल मागितलं होतं. तेच माझं बेस्ट काम होतं. दाखवलं. ते ठेवून घेतील असं नव्हतं वाटलं."

"आणि नावं?"

"नावं… ते म्हणाले रॉ डेटा पण बघू."

"दिलास?"

"सर, नावं तुमच्याच फोटोत होती ना. मी कुठून आणणार?"

खरं आहे. वहीत जहाजाच्या नावाचा रकाना माझ्यापुरता, एकच जहाज दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. फोटो काढताना त्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायचो. चौदा घरांना शब्द दिला होता : ना पोराचं नाव, ना जहाजाचं. डिसेंबरपासून घाई होती. पट्टी ठेवली नाही.

पण पट्टी न ठेवणं वेगळं आणि झाकायचं आहे हे ठाऊक असून उघडं करणं वेगळं. हे त्याला सांगितलं. म्हणाला, "सर, तुम्ही उगाच पर्सनल घेताय. डेटा आहे तो."

डेटा! नॅन्सी मिस्सा सुटल्यावर चपला शोधत शोधत सांगते ते.

"नोकरी मिळाली का?" निघताना विचारलं.

"सोमवारपासून."

त्याची आई म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो सगळं. तुमचंच नाव घेत असतो."

३१ जानेवारी, शनिवार

मजकूर पाठवला नाही. चाळीस वर्षांत पहिली चुकलेली तारीख. उन्नतीला म्हटलं, पंधरा दिवस द्या. कारण विचारलं तिने. "तपासतोय," म्हटलं.

दुपारी प्रिस्का आली. नुसती येत नाही ती, हातात काहीतरी असतं – केळी, शेवग्याच्या शेंगा, निदान रिकामा डबा. आज हात रिकामे.

"मर्विनचा फोन होता. कॅप्टनने त्याला केबिनमध्ये बोलावलं. बोटीचं नाव कुठल्या तरी कागदात छापून आलंय. कंपनी विचारते, कोणी सांगितलं? बोटीवर वसईचा तो एकटाच."

मी पत्रक दाखवलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने नकाशावर बोट फिरवलं. सिंगापूरचा ठिपका, शेजारी नाव. बराच वेळ बोट तिथेच.

"करारात लिहिलेलं असतं, दादा. जागा बाहेर सांगायची नाही. नोकरी गेली तर दुसरी कंपनीही घेत नाही. बाराशे दिवस समुद्रावर काढलेत त्याने."

"संकेतने…"

"मी संकेतला ओळखत नाही. मी तुला सांगायचे."

मग दारात थांबून म्हणाली, "आम्ही तिथे का बोलायचो, ते तुला कधी कळलंच नाही."

"मला माहिती हवी होती म्हणूनच ना?"

ती गेली.

१ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा सुटली. क्रूसापाशी कोणी थांबलं नाही. नॅन्सीने मला पाहून रस्ता बदलला. तिच्या स्टीवनचंही जहाज त्या तक्त्यात आहे. विनी थांबली, पण एवढंच बोलायला : "मार्सेलभाऊ, पेपरवाला तो पेपरवालाच." आणि हसली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कट्ट्यावर वही घेऊन बसून राहिलो. फादर बाहेर आले, म्हणाले, "आज लवकर आटपलं वाटतं?"

संकेतचा फोटो, उद्या नव्या नोकरीवर रुजू. गळ्यात ओळखपत्र. 'सर आशीर्वाद द्या.' – वाचून फोन पालथा ठेवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा आला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

डबा आला नाही. पिठलं केलं. गुठळ्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲन्सेल्मकडे गेलो. जहाजावरचा चीफ इंजिनियर होता, निवृत्त झाल्यावर आता खलाशी भरती करणाऱ्या एजंटाकडे बसतो. कंपन्यांची माणसं त्याच्या ओळखीची. सगळं सांगितलं. पट्टीसकट.

"मर्विनचं काय होईल?"

"चौकशी. जागा फुटली हे खरं ठरलं तर पुढच्या बंदरात उतरवतील. पोर हुशार आहे, पण कंपनीला हुशार पोरं खूप मिळतात."

"मी लिहून देतो. चूक माझी."

"लिहून देशील तर त्यानेच सांगितलं हे पक्कं होईल! पेपरात काय शिकलास रे तू?"

सोमवारी कळवतो म्हणाला.

परत येताना निर्मळच्या तळ्याकाठी सायकल लावून बसलो. तिसरं प्रकरण तिथेच सुचलं होतं – आपल्या वाड्यांतल्या केळीला घालतो त्या पोटॅशचा एक दाणाही देशात निघत नाही, सगळं बाहेरून. किती थाटात लिहिलं होतं : 'अवलंबून असणं म्हणजे कमजोरी नव्हे, कोणावर अवलंबून आहोत हे न कळणं ही कमजोरी.' देशाबद्दल लिहिलं होतं. स्वतःचा एकेक पुरवठा एकेकाच माणसाच्या हातून येत होता – कागद संकेतच्या, भात प्रिस्काच्या.

८ फेब्रुवारी, रविवार

मागच्या बाकावर बसलो. वही नेली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सगळं लिहून काढतो. नाहीतर उद्या वाटेल, मी चुकीचं ऐकलं.

ॲन्सेल्मने सकाळी बोलावलं. दारातच हसत होता. "मर्विन सुटला! चौकशी बंद. कंपनीने उत्तर दिलं – पत्रकातली जागा साफ चुकीची. आमचं जहाज दोन महिन्यांत सिंगापूरच्या वाटेलाही गेलेलं नाही. कोणीतरी मनाने ठिपके काढलेत."

मी म्हटलं, छापणाऱ्यांनी गोंधळ केला असेल. वहीत सिंगापूर स्पष्ट आहे. मर्विनने माझ्याशी स्वतः बोलून…

"कुठे आहे माहितीय का?" तो म्हणाला. "यांबू. सौदीचं बंदर, लाल समुद्रात. महिनाभर तिथे उभे होते. आता माल भरतायत. भरून खाली येणार, सामुद्रधुनीच्या तोंडातून बाहेर पडायचंय अजून. यंत्र बंद करून जातील बहुतेक."

लाल समुद्र.

"पण तो आईला…"

"अरे, तू पेपरवाला की चर्चमधला भोळा अल्टरबॉय? कुठला पोरगा आईला सांगेल, मम्मी, मी क्षेपणास्त्रं पडतात तिथे उभा आहे?" मग म्हणाला, "मी तीस वर्षं खोटंच सांगितलं. इराण-इराकची लढाई चालू होती, आम्ही खार्ग बेटावर तेल भरायला. पुढच्या जहाजाला आग लागलेली समोर दिसत होती. घरी पत्र लिहिलं – कोलंबोत आहे, नारळ स्वस्त आहेत. आई मेली तोवर तिला वाटत होतं, मुलगा जन्मभर कोलंबोतच होता."

विचारलं, नॅन्सीचा स्टीवन? विनीचा मुलगा? ॲन्सेल्मने त्याच्या वहीतून चार जहाजं दाखवली. कोलंबो नाही. वळसा नाही. चारही तिथेच, लाल समुद्राच्या आत किंवा तोंडाशी.

चौदा महिने! चौदा घरं! जिथे पोरं होती ती जागा माझ्या नकाशात कोरी पांढरी, आणि त्यावर मी निष्कर्ष काढला. मलाक्का! उन्नती म्हणाली होती, हे कोणीच म्हटलेलं नाही. खरंच होतं. कोणीच म्हणणार नाही.

मर्विनची नोकरी वाचली, कारण तो आपल्या आईशी खोटं बोलला. आणि माझ्याशी. "मामा, भरपूर. मोजता येत नाहीत." किती सहज म्हणाला! या पोराला मी सायकल शिकवली.

संकेतने चोरलं. चोरणारा आधी विश्वास मिळवतो, मग मोडतो, म्हणून त्याच्यावरचा राग समजतो. पण या पोरांचं काय करू? त्यांच्यावर रागवायला गेलो की हातात काही लागत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उन्नतीला सातवं प्रकरण मागे घेतल्याचं कळवलं. "का सर? सगळ्यात ओरिजिनल तेच आहे!"

"ओरिजिनल आहे. खरं नाही."

"पण स्रोत तर प्रत्यक्षातले…"

"स्रोत चांगले आहेत. माहिती चुकीची आहे." हे वाक्य मी कनिष्ठ वार्ताहराच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं.

आठ प्रकरणांचं पुस्तक निघेल. जाड बाण, बारीक बाण.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

संकेतचा फोन. उचलला.

"सर, तुम्ही मला खोटा डेटा दिला! इथे सगळ्यांसमोर विचारलं मला. प्रोबेशनवर आहे मी. दोन आठवडे पण नाही झाले. तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

"मी तुला दिला नव्हता. तू घेतला होतास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

मग तो म्हणाला, "सर, म्हणजे दोघांचंही…" आणि पुढे त्याला शब्द सापडेना. सवयीने मी सुचवणार होतो. आठ वर्षं हेच करत आलो. या वेळी नाही सुचवला.

नोकरी राहील त्याची. असल्या ठिकाणी राहते. माझ्याकडे परत येऊ नकोस, एवढं शांतपणे सांगून फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी डबा आला! डब्यामागे प्रिस्का.

"सुटला ना माझा पोरगा. कंपनीने सांगितलं, छापलेलं सगळं खोटं. तुझ्या त्या संकेतला धड नक्कलही करता येत नाही." खुर्चीत बसली. "चूक तुझीच होती, दादा. पण बारा दिवस पिठलं खाल्लंस ते नॅन्सीने सांगितलं."

"नॅन्सीला कसं कळलं?"

"वास येतो."

वरणात कोकम, बांगडा तळलेला. जेवत होतो आणि ती समोर बसून मर्विनबद्दल बोलत होती. अजून सिंगापूरलाच आहे म्हणे. हवा दमट आहे. डाळ चांगली मिळते.

ॲन्सेल्मने सांगितलेलं सगळं जिभेवर होतं. यांबू. माल भरून झाला असेल. आज-उद्या त्या तोंडातून निघतील, दिवे मालवून. तिला हे कळण्याचा हक्क आहे की नाही? पेपरात असतो तर म्हटलं असतं, आहे. पहिल्या पानावर.

"मीठ कमी आहे काय?" तिने विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा बातमी दाबली. पोरांच्या कटात आता मीही. तिने माझ्यावर परत विश्वास ठेवला त्याच दुपारी तिला फसवायला बसलो, आणि दुसरा बांगडाही खाल्ला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ॲन्सेल्मला फोन. जहाज शुक्रवारीच यांबूहून निघालं. यंत्र बंद. पुढचं त्यालाही माहीत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काही कळलं नाही. ॲप उघडून पाहिलं. ते जहाज वाळवंटात उभं दिसतंय.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून प्रिस्काकडे गेलो. ती चुलीशी होती. मला चहाची कपबशी काढायला कपाट उघडायला सांगितलं. चुकून शेजारचं उघडलं.

दाराच्या आतून संकेतच्या नकाशाचा खालचा तुकडा चिकटवलेला – कालविभागांची पट्टी. माझ्या टाकलेल्या खर्ड्यातून कापून घेतलेली. खाली पेन्सिलीने तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एवढंच : 'जेवला – साडेआठ.' 'जेवला – साडेआठ.' सहा आठवडे. साडेआठ, साडेआठ.

ती मागे येऊन उभी होती.

"बोटीवर सहाला जेवण लागतं, दादा. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा सिंगापूरला अकरा. अकराला कोण जेवतं?"

"मग मला सिंगापूर का सांगायचीस?"

"तो सांगतो तेच सांगायचं. मला कळतं हे त्याला कळलं तर फोनच करणार नाही."

"नॅन्सी? विनी?"

"सगळ्याच. क्रूसापाशी उभं राहून एकीने कोलंबो म्हटलं की दुसरीला बरं वाटतं. तू लिहून घ्यायचास, म्हणून आणखी खरं वाटायचं."

शेवटची ओळ कालची होती. पेन्सिल जोरात दाबलेली : 'जेवला – साडेसात.'

पट्टीवर बोट ठेवून पाहिलं – आपले साडेआठ म्हणजे लाल समुद्रातले सहा, आपले साडेसात म्हणजे त्याच्या पुढचे. एक तास पूर्वेला. बाहेर पडला.